काकांच्या कंप्युटरला पुढची तारीख

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं पोटात घालावं. पण धारूरच्या आमच्या गल्लीतल्या अर्जवाल्या काकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, कारण यंत्राशी इतक्या अदबीनं भांडणारा माणूस बालाघाटाच्या साऱ्या डोंगरपट्ट्यात दुसरा सापडायचा नाही.

काकांनी आयुष्यभर तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले, आधी टाइपरायटरवर, मग घरच्या कंप्युटरवर. विहीर, रस्ता, रेशनकार्ड, दाखला, बांधाचं भांडण. कुठलंही दुःख नीट विषय टाकून लिहिलं की निम्मं कमी होतं, असा त्यांचा विश्वास. शेजाऱ्याचा कोंबडा फार आरवतो ही तक्रारसुद्धा त्यांनी तोंडी केली नाही. अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय त्याच्या दारातून हलले नाहीत. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे, तेव्हा मला वसतिगृहात घ्यावं म्हणून केलेला अर्जही त्यांनीच लिहिला. त्यात मी 'गरजू व होतकरू' होतो. गरजू मी होतोच. होतकरू हा शब्द तेव्हा पहिल्यांदा वाचला, आणि काकांनी लिहिलेलं खोटं ठरू नये म्हणून अजून धडपडतो आहे.

हे सारे जुने अर्ज त्या कंप्युटरमध्ये, एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये होते. बीडला राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याच्या कंप्युटरने एकदा अपडेट घेतलं आणि त्याच्याकडचं सगळं मराठी चौकोन-चौकोन होऊन बसलं. ते पाहिल्यापासून पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची सूचना आली की काकांचा जीव खालीवर व्हायचा. जुन्या अर्जाची नक्कल मागायला अजूनही कुणी ना कुणी यायचं. "सगळा तालुका हाय ह्याच्यात," ते म्हणायचे. "त्याचे डबे झाले तर लोकायला काय तोंड दाखवू?"

पण सूचनेला थेट नकार देणं त्यांना जमत नव्हतं. न्हाई म्हटलं की समोरचा डूख धरतो, हा त्यांचा कचेरीतला अनुभव. म्हणून ते चष्मा पुसायचे, पाठ ताठ करायचे आणि हलक्या हातानं 'नंतर' दाबायचे. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "एवढ्या मानानं माज्याशी कदी बोलला न्हाईत." एकदा ती सूचना दिसूच नये म्हणून त्यांनी कोपऱ्यावर पुठ्ठा चिकटवला. त्यामागे पडद्यावरचं घड्याळही गेलं, आणि आठवडाभर ते काकूंना वेळ विचारत राहिले. मग त्यांनी रीतसर अर्ज टाइप केला. विषय: अपडेट न करणेबाबत. अर्जदार वयोवृद्ध असून संगणक सुस्थितीत आहे, सबब विनंती की, वगैरे. तो पडद्याच्या मधोमध ठेवून दिला. हा पाठवणार कुणाला, असं मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "ज्यानं वाचायचा तो रोज हितंच येतोय की."

पोच काही येईना, तेव्हा मला बोलावणं आलं. मी बीडला कंप्युटरच शिकत होतो, पण पहिल्या वर्षाला मलाच फारसं काही येत नव्हतं. शोधून शोधून एवढंच सापडलं की अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतं. मी ओशाळून तसं सांगितलं. काकांचा चेहरा मात्र उजळला.

"तारीख मिळाली म्हण की. मग काहून भ्यायचं? तारखेवर लोकाच्या पिढ्या निघाल्यात."

तेव्हापासून प्रत्येक तारखेच्या आधीच्या रविवारी मी एसटीने धारूरला जायचो. आई-वडील उसाच्या फडावर असले की आमच्या घराला कुलूप असायचं, आणि गल्लीत मला नावानं हाक मारणारं ते एकच दार होतं. पुढची तारीख टाकायला अर्धं मिनिट लागायचं. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसायचो. काकू धपाटे वाढायच्या, काका जुने अर्ज उघडून वाचून दाखवायचे आणि कुठल्या शब्दानं साहेब विरघळला ते सांगायचे. तारीख कशी टाकायची हे मी त्यांना कितीदा शिकवलं, कागदावर लिहूनही दिलं. वीस वर्षांमागच्या अर्जाचा मजकूर तोंडपाठ म्हणणारा हा माणूस तेवढं मात्र दर वेळी विसरायचा. दुसऱ्या वर्षाला मला ती सूचना कायमची बंद करायचा उपाय सापडला. मी तो काकांना सांगितला नाही. हे आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. पडद्यावर मोठी सूचना आली होती, आणि त्यांनी ती निकाल वाचावा तशी सावकाश वाचून दाखवली: या संगणकाला यापुढे कोणतेही अपडेट मिळणार नाही. मला अर्थ कळला. बनवणाऱ्यांनीच त्या जुन्या मशीनचा नाद सोडला होता. काकांना मात्र त्यांच्या अर्जाचं उत्तर आलं होतं.

"मंजूर झाला बघ," ते म्हणाले. "आपल्या बाजूनं लागला."

मी त्यांचं अभिनंदन केलं. लई चांगलं झालं, म्हणालो.  पलीकडे काकूंची भांडी वाजत होती.

"म्हंजी आता," काका हळूच म्हणाले, "तुला यायचं काम न्हाई राह्यलं."