लेबल वाचणारे साहेब

बाईंचा सगळा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फ्रिज आणि एसीतल्या गॅसच्या सहवासात गेला. रिटायर झाल्यावर सरकारनं त्यांना बोलावलं ते कस्टमच्या साहेबलोकांना शिकवायला. ओझोनचा थर वाचवायच्या करारावर देशानं सही करून ठेवली होती. बंदीचा गॅस चोरून आत येऊ नये, हे बघायचं काम या साहेबांचं. बाईंनी वर्गावर एक नजर फिरवली आणि मनात म्हटलं, कठीण आहे! निम्म्यांचं तोंड चहाच्या किटलीकडे, उरलेल्यांचं मोबाइलमध्ये. आणि शेवटच्या रांगेत, टाय सैल करून, पाय पसरून, बाईंचे सख्खे धाकटे दीर.

शेवटच्या दिवशी बाईंनी आवारात सिलिंडर मांडले. शेजारी गॅस ओळखायचं यंत्र ठेवलं. कुठल्या सिलिंडरमध्ये काय आहे ते सांगायचं, एवढीच परीक्षा. दीर ऐटीत आले, यंत्राला बोटही न लावता एकेका सिलिंडरपुढे वाकले आणि धडाधड उत्तरं देऊन मोकळे झाले.

"भाऊजी, यंत्र?"

"कशाला वहिनी? लेबलावर लिहिलंय की सगळं."

"चोर काय लेबलावर 'चोरीचा माल' असं लिहून पाठवणार आहे तुम्हाला?"

वर्ग खो खो हसला. बाईंना त्या हसण्याचीही चीड आली, कारण हसणाऱ्यांनीही लेबलंच वाचली होती. बाईंनी एकजात सगळ्यांना नापास केलं.

रात्री जेवताना सासूबाईंनी तोंड सोडलं. "घरच्या माणसाची अशी शोभा करतात का गं?" नवरा ताटात बघत राहिला. तो लग्न झाल्यापासून ताटातच बघत आला होता.

खात्याच्या संचालकांना नापासांचा निकाल परवडणारा नव्हता. कराराची अंमलबजावणी बघायला परदेशी पाहुणे यायचे होते. त्यांनी स्वतःच्या सहीनं सगळ्यांना पास केलं, आणि दिरांना तर बढती मिळाली. करार पाळला जातो की नाही हे बघणारे देशाचे मुख्य अधिकारी! घरात पेढा वाटल्यासारखा आनंद. बाईंनी हात जोडले आणि भांडी घासायला गेल्या.

आठवडाभरानं दीर स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले. "वहिनी, ते यंत्र... चालू कसं करतात?" पाहुण्यांसोबत बंदरावर जायचं होतं. बाईंनी मनसोक्त टोमणे मारले, पण शिकवलं. नळी कशी जोडायची, आधीचा गॅस कसा काढून टाकायचा, आकडे कसे वाचायचे. गडी ठोंब्या नव्हता; तासाभरात हात बसला. बाईंना उगाच थोडं बरंही वाटलं.

दीर बंदरावरून परतले ते छाती फुगवून. पाहुणे खूश होते. जेवायला बसल्यावर सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "चाललं का रे यंत्र?"

"चाललं म्हणजे! पाहुणे गेल्यावर एका कंटेनरला सहज नळी लावली. लेबल साध्या गॅसचं, आत सगळा बंदीचा."

बाईंचा घास हातातच राहिला. "मग? जप्त केलात?"

"छे हो! संचालकांना फोन केला. म्हणाले, ओळखीतल्याचा माल आहे, जाऊ दे. दिला सोडून." दिरांनी पापड मोडला. "सगळं काय पुस्तकाप्रमाणे चालतं का, वहिनी?"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस हे लोक अडाणीपणानं माल सोडत होते. आता शिकून सोडायला लागले, आणि शिकवलं कुणी, तर आपण. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच बोलल्या.

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"हो ना, आई. यंत्रानं अचूक दाखवलं."

"कळलं होतं, आणि तरी सोडलंस."

म्हातारीनं भरलं ताट पुढे सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला.

"हिला काय झालं?" दीर म्हणाले. "वहिनी, जरा भाजी वाढा."

बाईंनी भाजीचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. नवऱ्यानं पहिल्यांदाच ताटातून मान वर केली होती.