फाइलमध्ये नसलेला कडा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस. इथले तुमचे अनुभव वाचून मनसोक्त हसलोय. आता तुम्ही हसा.

नाशिकला कॉलेज रोडवर माझं छोटं ऑफिस आहे. ड्रोनने जमिनीची उंची मोजायची आणि त्या आकड्यांतून कॉम्प्युटरवर डोंगरदऱ्या उभ्या करायच्या, हे माझं काम. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस ऑफिसातच त्या डोंगरावर फिरतो.

गेल्या उन्हाळ्यात एक शेठ आला. सुरगाण्याकडच्या एका पठारावर त्याला रिसॉर्ट बांधायचं होतं. पाड्यातल्या बायकांची झऱ्यावर जायची वाट नेमकी मधून जात होती. ती बंद करून मागून नवी द्यायची, त्यासाठी पाड्याच्या सह्या हव्या होत्या, आणि सह्यांआधी नवी वाट त्यांना माझ्या हेडसेटमधून दाखवायची होती. पण मागे कडा... दोन मजले सहज खोल.

"तेवढं जरा सॉफ्ट करा ना," शेठ म्हणाला.

केलं. कडा पुसून तिथे उतार काढला, वर गवत लावलं. लाज वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली.

सह्यांच्या दिवशी दुपारी पाड्यावरून चौघं आले. टेबलं बाजूला सारून जागा केली होती. त्यांच्यातले म्हातारे लक्ष्मणदादा हेडसेट घालून दोन पावलं चालले आणि थांबले.

"पुढं कडा हाय."

"नाही हो दादा, उतार आहे. चला ना पुढे."

"तू जा. मी नाय जायाचा."

माझं डोकंच फिरलं. शेठसमोर म्हातारा मला खोटं पाडतोय! त्यांच्या डोक्यावरून हेडसेट ओढून काढला आणि स्वतः चढवला. "हे बघा, असं चालायचं –"

समोर मीच लावलेलं गवत होतं. पाऊल टाकलं आणि खाली काहीच नव्हतं. कानात वारा भरला... मग टाचांवर दगड आदळला.

हेडसेट निघाला तेव्हा मी ऑफिसच्या फरशीवर ओरडत पडलो होतो. बघणारे म्हणतात, मी उभ्या उभ्या नुसता खाली बसलो.

लक्ष्मणदादा माझ्यावर वाकले. मला वाटलं, हात देतील.

"ह्याच वाटंनं आमच्या बाया हंडे घेऊन जानार व्हत्या ना?"

एवढं बोलून चौघं निघून गेले. सही कोणीच केली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे वर धरला. दोन्ही टाचांची हाडं फुटली होती. "किती उंचावरून पडलात?"

"उभा होतो, डॉक्टर. फरशीवर."

"थट्टा करू नका. दुसऱ्या मजल्यावरून उडी मारणाऱ्यांच्या टाचा अशा होतात."

ती फाइल मी नंतर कितीदा तरी तपासली. उतारच आहे, हलका. शेठ सगळ्यांना सांगत सुटलाय की फरशी ओली होती. तुम्हाला काही स्पष्टीकरण सुचलं तर जरूर लिहा, माझ्याकडे नाही... पण फरशीचं नाव काढू नका. ती कोरडी होती, आणि कडा मी स्वतःच्या हाताने पुसला होता.