टारची एफी

एफी फ्लेटला गावात कुणी फ्लेट म्हणत नाही. ती टारची एफी. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं आमचं कोळ्यांचं गाव. निम्मं गाव फ्लेट, आणि बारशाला नावं तीच, जेम्स नाहीतर जॉर्ज. म्हणून घराघराला टोपणनाव. त्याच्याशिवाय इथं पान हलत नाही.

बंदरावरचा, समुद्रात बुडालेल्यांच्या नावांचा दगड खाऱ्या वाऱ्यानं पार झिजला, तेव्हा नवा कोरायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष जेम्स फ्लेट, एडिनबरोत साहेबी करून परतलेला. आल्या आल्या त्यानं हौसेची होडी घेतली आणि लगेच फर्मान काढलं, "टोपणनावं वगळा. दगडावर गावठी बोली शोभत नाही."

दगडावर जेम्स फ्लेट चार. त्यातला एक एफीचा बाप. त्याचं प्रेत सापडलं नाही, थडगं नाही. होतं ते त्या दगडावरचं 'टार' एवढंच. तेच पुसलं तर बाप ओळखायचा कसा?

पण बाई खमकी. शाळेत घरची बोली बोलली म्हणून मास्तरनं हातावर पट्टा ओढला, तेव्हा ती त्याच बोलीत रडली होती. आता म्हातारपणी दबते होय!

सभेत ती चहाची किटली घेऊन उभी राहिली.

"जेम्स फ्लेट, चहा!"

अध्यक्षासकट पाच हात वर झाले. हशा पिकला.

"एफी मावशी, पोरखेळ पुरे," अध्यक्ष म्हणाला.

"चुकलं हो, साहेब." ती दाराकडे वळली आणि एकदम ओरडली, "अरे डोसी! तुझ्या होडीचा दोर सुटला रे!"

"आँ? कुठं?" अध्यक्ष ताडकन उठून खिडकीशी धावला. बाकीचे चार जेम्स जागचे हलले नाहीत. डोसी हे त्याच्या घराचं टोपणनाव; गाव सोडल्यापासून त्याला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

"होडी आहे जागेवर," एफी म्हणाली. "तुला हाक मारली, तू धावलास. माझ्या बापाला मी कोणत्या नावानं हाक मारू, सांग की."

अध्यक्ष खिडकीशीच उभा राहिला. बाहेर तो जुना दगड दिसत होता. मग तो बोलला, आणि चक्क गावच्या बोलीत.

"टार कोरा. आणि त्याच्या खालचं नाव माझ्या आजाचं. त्याच्यापुढं डोसी घाला."

एफीनं डोळे पुसले आणि त्याचा कप भरला.