अडुसष्ट अंश

सुप्याच्या एका कारखान्यातील कॅन्टीन मी सांभाळत होतो, तेव्हा एक बाई आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. वाढण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाचे तापमान मोजून वहीत लिहिण्याचे कामही त्यांचेच. तापमापकाची सळई त्या उकळत्या पाण्यातून काढत, स्वच्छ फडक्याने पुसत आणि रश्श्यात न बुडवता सर्वांत जाड तुकड्यात खुपसत. आकडा स्थिरावेपर्यंत कोणाशी बोलत नसत. तो कमी भरला, तर एवढेच म्हणत, "याला अजून ताप न्हाई आला."

एका बुधवारी कोंबडीचा आकडा अडुसष्टावर थांबला. पंचाहत्तर हवा होता. जेवणाची सुट्टी झाली होती आणि कामगार ताटे घेऊन रांगेत उभे होते.

"मावशी, कोंबडी पळाली का काय?" रांगेतून कोणीतरी विचारले.

उशिराचा ठपका माझ्यावर येईल, या भीतीने मी हळूच म्हणालो, "पंचाहत्तर लिहा आणि वाढायला घ्या."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "तुमी लिवा, साहेब. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

मी लिहिले. ते मला आजही बोचते. मान वर केली, तेव्हा त्यांनी पातेले पुन्हा शेगडीवर चढवले होते. त्यांना अडवण्याचे धैर्य मला झाले नाही.

बारा मिनिटांनी त्यांनी सळई पुन्हा खुपसली, आकडा मला दाखवला आणि रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "घ्या साहेब, तुमचं लिवल्यालं खरं झालं."