जहांआराभाभींची दोन ग्राफिक्स कार्डं

शहागंजात लग्नांची शूटिंग करणारे दाऊदभाई गेले, तेव्हा त्यांच्या बायकोच्या, जहांआराभाभींच्या वाट्याला एक छोटं दुकान आलं आणि कपाटभर व्हिडिओ कॅसेटी. लोक विचारत यायचे, "भाभी, आमच्या लग्नाची कॅसेट आहे का हो?" भाभींनी शिवणकाम सोडलं आणि हेच काम शिकून घेतलं. कॅसेट कंप्युटरमध्ये उतरवायची आणि धुरकट झालेलं चित्र एका प्रोग्रॅमकडून साफ करून घ्यायचं.

काम करताना भाभी आवाज कधीच बंद करत नसत. प्रत्येक लग्नात कॅमेऱ्यामागून दाऊदभाई बोलायचे, "मामा, जरा सरका", "नवरीबाई, वर बघा."

चित्र साफ करण्याचं सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर असतं. थंडी सरता सरता ते कार्डच जळालं आणि काम ठप्प झालं. भाभी झीशानच्या कंप्युटरच्या दुकानात गेल्या. सोबत मुकुंदवाडीच्या गीताबाई होत्या. त्या आपल्या लग्नाच्या कॅसेटीची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांची आई साळूबाई लग्नानंतर लवकरच वारली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता.

झीशाननं खोकी काउंटरवर मांडली. "खाला, हे एक भारीतलं. लग्न निम्म्या वेळात साफ करतं, अन् चित्रही मोठं देतं. नायतर तेवढ्याच पैशात ही साधी दोन येतात."

"दोन लावली तर तेवढंच लवकर होईल?"

"नाय. दोघांचं बळ एका कॅसेटीला लागत नाय. दोन कॅसेटी शेजारी-शेजारी चालतील, पण आपापल्या चालीनं."

भाभींचं मन भारीतल्यावर बसलं होतं. खोकं हातात घेऊन त्यांनी विचारलं, "अन् हे जळालं तर?"

"तर मग आतासारखंच. बसून राहायचं."

"बसायला काय, आईचं तोंड बघायला इतकी वर्सं बसलेच की मी," गीताबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. भाभींनी त्यांच्याकडं पाहिलं आणि खोकं खाली ठेवलं.

"दोन दे, बेटा."

सुरुवातीला त्यांना पस्तावा झाला. एक गिऱ्हाईक मोठ्या पडद्यासाठी चित्र मागत होतं, ते दुसरीकडं गेलं. मग भर मे महिन्यात गीताबाईंची कॅसेट अर्ध्यावर असताना एका कार्डाचा पंखा अडकला आणि ते बंद पडलं. झीशाननं ते काढून दुरुस्तीला पाठवलं. भाभींनी राहिलेलं लग्न दुसऱ्या कार्डावर चढवलं. दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही.

लग्न साफ झाल्यावर गीताबाई पाहायला आल्या. पडद्यावर पांढऱ्या साडीत नवरी झालेल्या गीताबाई, बुद्धवंदना, मग जेवणाच्या पंगती. वरणाची बादली घेतलेली एक बारीक बाई कॅमेरा दिसताच पदरानं तोंड झाकू लागली. मागून दाऊदभाईंचा आवाज आला, "मावशी, लपता कशाला? लेकीचं लग्न हाय, हसा की!"

पदर खाली आला आणि ती बाई खळखळून हसली.

गीताबाई पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या. "माय गं! तिचा पुढचा दात असा तिरपा व्हता. मी इसरूनच गेले व्हते." त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. शेवटी भाभींचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी हसवलं नसतं, तर तिनं तोंड दाखवलंच नसतं. लई उपकार झाले बघा."

तो आवाज आपल्यालाच उरलाय, असं भाभी इतके दिवस समजत होत्या. घरोघरच्या लग्नांत तो असा कामाला आला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

गीताबाईंनी त्या हसण्याचा मोठा फोटो काढून मागितला. तो चौकटीत बसवून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन त्या रिक्षात बसल्या. भाभी त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेल्या. परत येताना झीशानच्या दुकानाशी थांबून म्हणाल्या, "बेटा, भारीतलं जळालं तर बसून राहावं लागेल, हे तू त्या दिवशी खरं सांगितलंस. अल्ला तुला बरकत देवो."

झीशान गिऱ्हाइकाचा कीबोर्ड पुसत होता. "खाला," तो लाजून म्हणाला, "तुमचं कार्ड दुरुस्त होऊन आलंय. चला, बसवून देतो."