साहेबाचा आवाज

तेलकट चिंध्यांचा वास आला की मला निजामाच्या राज्यातलं जालन्याचं स्टेशन आठवतं. मी तवा इंजिनात कोळसा टाकायचो. आमच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला, मामाला, लांबचं दिसंना झाल्तं, म्हणून सिग्नल मी ओरडून सांगायचो अन् मामा तेच परत म्हणायचा. मजा म्हणून मी कधी स्टेशन मास्तरच्या, कधी इनस्पेक्टर साहेबाच्या आवाजात सांगायचो, मामा हसून हसून बेजार व्हायचा. हे कुणीतरी साहेबाच्या कानावर घातलं. मंग साहेब नजर तपासायला आल्ता. नापास झालं की ड्रायव्हरनं शेडात राख उपसायची, तीबी निम्म्या पगारावर. भर उन्हात फलाटाच्या पार त्या टोकाला एकानं हिरवी झेंडी धरली. मामा पुढं उभा, मी, साहेब अन् हमाल त्याच्या मागं. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबानं माझ्या तोंडावर पंजा दाबला, हमालांकडं बघून डोळा मारला अन् स्वतःच ओरडला, "लाल!" मामा खुदकन हसला अन् छाती काढून म्हणला, "लाल!" सगळा फलाट खिदळायला लागला. मामाला वाटलं, लोकं ह्या पोराच्या नकलेला हसून राह्यले. मागं न वळताच म्हणला, "लेका, आज साहेबाचा आवाज बिलकुल बराबर काढलास!" साहेब माझ्या तोंडावरचा हात न काढता गोड आवाजात म्हणला, "शुक्रिया, मामा. कल से राख उठाना." आता लग्नाकार्यात लोकं म्हणतेत, एखादा साहेब करून दाखव. मी रेडा करतो, कोंबडा करतो, नवरदेवाची आत्याबी करतो.