चार इंचांचा सूर

अर्धा रस्ता सरला तरी थोरली जाऊ एक शब्द बोलली नव्हती. धाकटीला आता धास्ती वाटायला लागली. जी बाई शिवणयंत्र चालू असताना गिऱ्हाइकाशी, शेजारणीशी आणि तुटलेल्या दोऱ्याशी एकाच दमात बोलते, ती प्रार्थनेच्या हॉलपासून पुलापर्यंत गप्प, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"जाऊबाई, सोडा हो. चार बायका हसल्या तर हसल्या."

"चार? अगं, दारावरचा रखवालदार हसला! तो माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही."

थोरली कपडे शिवायची. जिन्याखालच्या खोलीत तिचं यंत्र, कापायचं टेबल आणि खुंट्यांवर लोकांच्या विजारी. हात सफाईदार, जीभ तिखट आणि आवाज असा भरदार, की फोनवर गिऱ्हाईक म्हणायचं, "दादा, जरा शिवणाऱ्या ताईंना द्या ना." मग ती फोन या कानावरून त्या कानावर घ्यायची आणि म्हणायची, "हं, बोला."

दर गुरुवारच्या प्रार्थनेत मात्र हाच आवाज आडवा यायचा. तिथे सूर द्यायच्या एक निवृत्त गाणंशिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंचा सूर उंच. थोरली तिथवर चढता चढता घसरायची आणि घसरताना शेजारच्या दोघीतिघींना घेऊन पडायची. शेवटी बाई गोड हसून म्हणाल्या, "तुम्ही नुसते ओठ हलवा. देवाला कळतं."

"देवाला कळत असेल, पण मलाही म्हणावंसं वाटतं ना," थोरली घरी येऊन म्हणाली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि घरच्यांनी ती ताकाबरोबर संपवली.

मग एकदा तिची सहा इंची जाड स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला इस्त्रीखाली दाबली गेली. बाहेर आलेल्या टोकाला कोपर लागलं आणि पट्टी गुणगुणली. थोरलीने यंत्र थांबवलं. पट्टी थोडी बाहेर ओढून टिचकी मारली. आवाज जाड झाला. आत सरकवली, बारीक झाला. टोक बाहेर लांब असलं की सावकाश हलायचं आणि खालच्या आवाजात घुमायचं, आखूड असलं की भराभर थरथरून चिरकायचं. विजारी खुंटीवरच राहिल्या. संध्याकाळपर्यंत तिला पत्ता लागला, की बाहेर चार इंच ठेवले तर पट्टी थेट तिच्या आवाजात बोलते.

"म्हणजे माझा गळा बिघडलेला नाही," तिने धाकटीला हाताला धरून आणून दाखवलं. "माझं माप मोठं आहे, एवढंच. मोठ्या माणसाला लहान सदरा चढवायचा आणि वर म्हणायचं, हात नीट हलव!"

बाईंनाही तिने हेच सांगितलं. बाई नाइलाजाने म्हणाल्या, "बरं, एक गुरुवार तुमच्या सुरात. नाही जमलं, तर पुन्हा विषय नको."

तो गुरुवार आजचा. थोरलीने डोळे मिटून हात जोडले, हॉलमधल्या टेबलाच्या कडेपर्यंत चार इंच मोजून पट्टी दाबली आणि टिचकी मारली. निघाला तो डासाचा आवाज! पण इतकी माणसं तोंडाकडे बघत असताना मागे कसं फिरायचं? ती त्याच सुरात सुरू झाली. पहिल्या ओळीला तिचा आवाज फाटला, दुसऱ्या ओळीला बाईंचा, आणि तिसरी ओळ म्हणायला हॉलमध्ये कुणी उरलंच नाही.

पुलापलीकडे एक बाक होता. थोरली एकदम थांबली. "पिशवी धर." तिने पट्टी काढून बाकाच्या कडेवर दाबली. टिचकी. पुन्हा डास.

"चार इंच तर आहेत! काय झालंय मेलीला?"

धाकटीने वाकून बघितलं. "जाऊबाई, चार इंच बाकावर आहेत. बाहेर दोनच."

थोरलीने आधी पट्टीकडे बघितलं, मग जावेकडे. टेबलावर राहतं ते कापड, बाहेर लोंबते ती कातरण. जन्मभर तिच्या हाताने टेबलावरचंच मोजलं होतं. घरी आतल्या भागावर इस्त्री होती, म्हणून बाहेरचं मोजलं गेलं, इतकंच.

"अगं बाई! कापड टेबलावर ठेवलं आणि कातरण गायला लावली!"

ती हसली तशी पुलाखालची कबुतरं उडाली. मग तिने पट्टी बाहेर ओढली, चार इंच दोनदा तपासले आणि टिचकी मारली. खालचा, गोल आवाज घुमला. थोरलीने प्रार्थनेची पहिली ओळ धरली आणि न घसरता शेवटपर्यंत नेली. धाकटीने मनातल्या मनात हात जोडले.

"पण बाई म्हणाल्या ना, पुन्हा विषय नको?"

"त्यांच्या पाया पडेन. सांगेन, सूर बरोबर होता, माप चुकलं. शिवणारीला एकदा उसवून पुन्हा शिवायला मिळतंच." थोरलीने पट्टी पदराला पुसली आणि धाकटीच्या हातात दिली. "तू फक्त एवढं कर. पुढच्या गुरुवारी पट्टी तू धर. माझा हात ऐकायचा नाही, तो पुन्हा टेबलावरचंच मोजेल."